पर्यटकाने जबाबदारीने वागायचं म्हणजे नक्की काय करायचं?

अनवट

जबाबदार पर्यटनावर कुठेही काही वाचायला घ्या, तीच यादी समोर येते. पाण्याची बाटली घरून न्या, प्लॅस्टिक टाळा, कचरा परत आणा, आवाज करू नका, फुलं तोडू नका. सगळं बरोबर आहे, कोण नाही म्हणेल? पण ही यादी तंतोतंत पाळणारी माणसं एखाद्या जागी रोज हजारोंनी आली, तर त्या जागेची वाट लागायची ती लागतेच. म्हणून हा धागा.

थायलंडमधल्या माया बेचं उदाहरण घेऊ. फी फी लेह बेटावरची ही एवढीशी खाडी. एका हॉलिवूडपटात दिसली आणि जगभरातून लोक लोटले. शेवटी शेवटी दिवसाला पाचेक हजार माणसं त्या छोट्या किनाऱ्यावर उतरत होती. बोटी थेट खाडीत घुसायच्या, नांगर प्रवाळावर पडायचे. जून २०१८ मध्ये खाडी बंद केली. आधी म्हणाले काही महिन्यांसाठी, मग मुदत वाढतच गेली, आणि पुन्हा उघडली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये. आता बोटींना खाडीत प्रवेश नाही. त्या बेटाच्या मागच्या बाजूला लागतात आणि तिथून लाकडी वाटेने चालत यावं लागतं. एका वेळी किती माणसं किनाऱ्यावर असावीत याला मर्यादा आहे, पोहायला मनाई आहे आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात खाडी बंद असते. बंदीच्या काळात काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परत आले.

यातला कुठलाही बदल पर्यटक शहाणे झाले म्हणून झालेला नाही. बोटींचा धक्का हलवला आणि माणसं मोजायला सुरुवात केली, एवढंच. म्हणून मला वाटतं की बाटलीच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: तिथे किती माणसं जातात, ते ठरवतं कोण, आणि माझा पैसा शेवटी कुणाच्या हातात पडतो. यावर तुमचं काय म्हणणं आहे?

कुंपणावरचा

पहिला! (वाचून आलोय, नुसती हजेरी नाही.)

तिन्हींत 'ठरवतं कोण' हा खरा कळीचा मुद्दा. माया बेच्याच वर्षी फिलिपिन्सने बोराकाय बेट सहा महिने बंद केलं, २६ एप्रिल ते २६ ऑक्टोबर २०१८. कारण रास्त होतं, हॉटेलांचं सांडपाणी बिनदिक्कत समुद्रात जात होतं. पण निर्णय जाहीर झाला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे खोल्या झाडणारे, बोटी वल्हवणारे, किनाऱ्यावर मसाज करणाऱ्या बायका यांना जेमतेम तीन आठवडे मिळाले. नळ्या समुद्रात सोडल्या मालकांनी, चूल बंद पडली नोकरांची. उघडल्यावर बेटावर एका वेळी १९,२१५ पर्यटक अशी मर्यादा घातली. आकडा कसा छान नेमका आहे. तो ठरवताना त्या मसाजवाल्या बाईला कुणी विचारलं असेल का?

मुक्ता

उत्तम विषय. वाचतेय, सवडीने लिहिते.

खडूस काका

अनवट, तुमचं सगळं पटलं, पण गाडी शेवटी कुठे जाऊन थांबते ते सांगू? दर वाढवा. गर्दी कमी करायची तर तिकीट महाग करा, यापलीकडे कुठल्या सरकारला काही सुचत नाही. भूतानचं बघा. परदेशी पाहुण्याला दर रात्रीमागे ६५ डॉलर शुल्क होतं, सप्टेंबर २०२२ मध्ये एकदम २०० केलं. पाहुणे येईनात, तेव्हा वर्षभरातच १०० वर आणलं. भारतीयांना दिवसाला १२०० रुपये. चौघांचं कुटुंब आठवडाभर गेलं तर नुसतं शुल्क किती होतं ते करा गुणाकार. म्हणजे निसर्ग सगळ्यांचा, पण बघायचा श्रीमंतांनी. ज्याच्याकडे पैसा तो आपोआप 'जबाबदार' आणि एसटीने फिरणारा आपोआप 'गर्दी'. वा!

अनवट

काका, मुद्दा बिनतोड आहे, अर्धा मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी रवांडाकडे बघा. डोंगरी गोरिला बघायचा परवाना तिथे २०१७ च्या मे महिन्यात ७५० वरून १५०० डॉलर केला. एका कळपाकडे दिवसातून आठच माणसं, तीही तासभर. ही मर्यादा लाड म्हणून नाही. माणसाच्या साध्या सर्दीचा संसर्ग गोरिलांना होतो आणि त्यांच्यात तो जिवावर बेतू शकतो, म्हणून अंतर राखायचं आणि मास्क लावायचा. दर वाढवताना त्यांनी आणखी एक गोष्ट केली. उद्यानांच्या उत्पन्नातला आजूबाजूच्या गावांचा वाटा ५ टक्के होता, तो १० केला. शाळा, पाणी, रस्ते यांना तो जातो. ज्या शेतकऱ्याच्या बटाट्यात गोरिला शिरतो त्याला तो गोरिला जिवंत राहण्यात काहीतरी फायदा दिसायला हवा ना? डोंगरी गोरिलांची संख्या आता हजारावर आहे आणि २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली आणलं.

दर जास्त की कमी यापेक्षा तो कुठे मुरतो हे बघायला हवं. तुमचा गरीब-श्रीमंत मुद्दा मात्र उरतोच. तो मी सोडवू शकत नाही. शुल्काऐवजी सोडत काढणं मला जास्त न्याय्य वाटतं.

खडूस काका

१० टक्के! उरलेले ९० कुठे मुरतात तेही एकदा बघा. पण चला, सोडतीवर सहमत.

रानवाटा

मी डोंगरात माणसं घेऊन जाते, त्यामुळे मला जे रोज दिसतं तेवढंच लिहिते.

पहिली गोष्ट, हमाल. निसर्गाबद्दल गहिवरणारी माणसं आपलं सामान कोण वाहतंय याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पेरूमध्ये इंका ट्रेल या डोंगरवाटेवर २००१ पासून कायदा आहे, हमालाच्या पाठीवर २० किलोपेक्षा जास्त ओझं नको. वाटेवर काटा लावून वजन होतं. किलिमांजारोवरही हमालासाठी मर्यादा २० किलोचीच. पण काट्याच्या आधी सामान दुसऱ्याच्या पाठीवर सरकवायचं आणि वळण पार झालं की परत लादायचं, ही युक्ती जगात सगळीकडे एकच आहे. मी बघते ते असं: हमालाच्या पायात काय आहे? कॅम्पवर पोचल्यावर तो कुठे झोपतो, जेवणाच्या तंबूत सगळे उठल्यावर की स्वतःच्या तंबूत? पाहुण्यांच्या आधी जेवतो की उरलंसुरलं? हे प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारायचे असतात. विचारलं की चांगला आयोजक लगेच सांगतो. दुसरा 'ते आम्ही बघतो हो' म्हणतो. त्यावरून काय ते कळतं.

इंका ट्रेलवर दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात, पण त्यात वाटाडे आणि हमाल धरलेले आहेत, म्हणजे खरे पर्यटक निम्म्याहूनही कमी. आणि दर फेब्रुवारीत वाट डागडुजीसाठी बंद. एका पर्यटकामागे डोंगर किती माणसांचं वजन झेलतो हे त्या ५०० च्या आकड्यात प्रामाणिकपणे दिसतं. बाकी ठिकाणी ते लपवतात.

दुसरी गोष्ट, नाक मुरडू नका, पण शौच. यावर कुणी बोलत नाही आणि डोंगरात सगळ्यात मोठी घाण तीच आहे. पाण्यापासून निदान सत्तर पावलं लांब जायचं. वीतभर खोल खड्डा करायचा. त्याहून खोल नको, कारण कुजवणारे जिवाणू वरच्याच मातीत असतात. काम झालं की तीच माती वर ओढायची. कागद पुरायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. ओले रुमाल तर अजिबात नाही, त्यात प्लॅस्टिकचे धागे असतात. आणि हे सगळं मातीच्या प्रदेशात. बर्फात काहीच कुजत नाही, नुसतं गोठून राहतं आणि उन्हाळ्यात खालच्या गावाच्या पाण्यात उतरतं. म्हणूनच एव्हरेस्टच्या भागातल्या ग्रामपालिकेने २०२४ मध्ये गिर्यारोहकांना आपापली घाण पिशवीत भरून खाली आणायची सक्ती केली. हसणारे हसले. खालचं पाणी पिणारे हसले नाहीत.

उंबरठा

रानवाटाताई, शेवटच्या परिच्छेदासाठी __/\__ . हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

साखरझोप

सगळे बाटली, शुल्क, खड्डा यावर बोलताहेत आणि विमानाचं नाव कुणी काढत नाही. डोळ्यात केर आणि कानात फुंकर! २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, त्यात जगातल्या हरितगृह वायूंपैकी साधारण ८ टक्के पर्यटनामुळे होतात असा हिशोब होता. प्रवास, जेवणखाण, खरेदी सगळं धरून. त्यात वाहतुकीचा वाटा मोठा. शनिवार-रविवारसाठी विमानाने उडून जायचं, तिथे बांबूचा दात घासायचा ब्रश वापरायचा आणि जबाबदार प्रवास केला म्हणून फोटो टाकायचा, हे मला झेपत नाही.

उपाय अवघड नाही, नावडता आहे. कमी वेळा जायचं, गेलं की जास्त दिवस राहायचं. विमान शक्यतो थेट घ्यायचं, कारण उड्डाणाला आणि वर चढायलाच इंधन फार जळतं. दोनदा उतरून जाणारं स्वस्त तिकीट पृथ्वीला महाग पडतं. रात्रभराच्या रेल्वेने जाता येत असेल तर जायचं. जास्त दिवस राहिलं की अनवट यांचा तिसरा प्रश्नही थोडा सुटतो. चार दिवस राहणारा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. चार तासवाला बसमधून उतरतो, फोटो काढतो, बसमध्ये चढतो.

कुंपणावरचा

+१. आणि क्रूझवाला तर जेवायलाही जहाजावरच परत जातो.

मुक्ता

आले सवडीने. गर्दीचं बोलणं नेहमी जंगल-समुद्राबद्दल होतं, पण माणसं राहतात त्या गावांचं काय? व्हेनिसच्या जुन्या बेटावर १९५१ मध्ये पावणेदोन लाख लोक राहत. आता पन्नास हजारही उरलेले नाहीत. भाडेकरूपेक्षा पर्यटक जास्त पैसे देतो, मग घराचं लॉज होतं, मग वाण्याच्या दुकानात मुखवटे विकायला लागतात, मग शाळेत मुलं उरत नाहीत. एप्रिल २०२४ पासून त्यांनी ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांना ५ युरो प्रवेशशुल्क लावलं. शहरात राहणाऱ्यांचीच तक्रार अशी की गर्दी तशीच आहे आणि आता आमच्या गावाला जत्रेसारखं तिकीट लागलं. बार्सिलोना घावाच्या मुळाशी गेलंय. पर्यटकांना भाड्याने देण्याचे परवाने असलेली सगळी दहा हजारांवर घरं २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत बंद करायचं त्यांनी जाहीर केलंय. ते प्रत्यक्षात किती उतरेल ते बघू, पण रोग ओळखलाय.

ऑस्ट्रियातलं हालस्टाट घ्या. आठशेच्या आत वस्ती, आणि गर्दीच्या दिवशी दहा हजार पाहुणे. २०२३ मध्ये गावच्या प्रशासनाने वैतागून, जिथून सगळे फोटो काढतात तिथेच लाकडी कुंपण उभारलं. गदारोळ झाला, कुंपण काढावं लागलं. जपानमध्ये २०२४ साली एका दुकानामागे फुजी पर्वत दिसतो म्हणून लोक रस्त्यातच उभे राहायला लागले, दवाखान्याच्या गच्चीवर चढायला लागले, तेव्हा तिथे मोठी काळी जाळी लावली. लोकांनी तिला भोकं पाडून मोबाइल आत घातले! क्योटोच्या गिओनमध्ये तर खासगी गल्ल्यांत शिरायलाच बंदी केली, कारण कामावर निघालेल्या गेइकोंचा (म्हणजे तिथल्या गेइशांचा) लोक पाठलाग करायचे, किमोनो ओढायचे.

मला यातून एवढंच दिसतं की समोर राहणारा माणूस आपल्याला देखाव्याचा भाग वाटतो. कुणाच्या घरापुढून जाताना आपण आत डोकावत नाही. बाहेरगावी गेलो की हाच संकोच कुठे जातो कोण जाणे.

दिशाहीन

सगळ्यांचं वाचून घाबरायला झालं. म्हणजे घरीच बसायचं का? माझा साधा प्रश्न आहे. होमस्टे निवडायचाय. जाहिरातीत सगळेच 'पर्यावरणपूरक' आणि 'स्थानिक' आहेत. खरं कोण, कसं ओळखायचं?

रानवाटा

घरी बसू नकोस रे. लोक जायचे थांबले की काय होतं ते कोविडमध्ये पाहिलंय. बऱ्याच ठिकाणी पर्यटनाच्या पैशावर चालणारी जंगलातली गस्त थांबली.

ओळखायचं कसं, तर पानांच्या हिरव्या चित्रावर जाऊ नकोस. फोन कर. घर कुणाचं आहे, मालक तिथेच राहतो का, गावात अशी किती घरं आहेत आणि पाहुणे त्यांच्यात कसे वाटले जातात, हे विचार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लडाखमध्ये हिमबिबट्याच्या भागात जी होमस्टेंची योजना उभी राहिली, तिथे पाळी असते. पाहुणा आपल्या आवडीचं घर निवडत नाही, ज्याची पाळी त्याच्याकडे जातो. त्यामुळे एक घर श्रीमंत आणि बाकीचे त्याच्यावर जळताहेत असं होत नाही. बिबट्याने मेंढ्या मारल्या तरी त्याच बिबट्यामुळे घरात चार पैसे येतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

नागालँडचं खोनोमा बघ. अंगामी लोकांचं शिकारीचं गाव. १९९८ मध्ये गावानेच शिकार बंद केली आणि स्वतःच्या जंगलाचं अभयारण्य केलं. पाहुणे त्यानंतर आले. क्रम लक्षात घे. गावाने आधी स्वतःसाठी ठरवलं, पर्यटन मागून आलं. उलट क्रमाने झालेलं मी टिकलेलं फारसं पाहिलेलं नाही.

कुंपणावरचा

याच माळेतला न्यूझीलंडच्या कायकुराचा मणी. रेल्वेतल्या नोकऱ्या गेल्या, गाव बसलं, तेव्हा तिथल्या माओरी कुटुंबांनी घरं गहाण ठेवून १९८७ मध्ये देवमासे दाखवायच्या बोटी सुरू केल्या. आज गावचा मोठा व्यवसाय तोच. आणि एका देवमाशाच्या ३०० मीटरच्या आत तीनपेक्षा जास्त बोटी नकोत असा देशाचा नियम आहे. चौथ्या बोटीने लांब थांबायचं, कितीही तिकिटं विकली असली तरी.

खडूस काका

आणि जिथे स्थानिक 'येऊ नका' म्हणतात तिथे? ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकावर चढू नका, ती आमची पवित्र जागा आहे, असं तिथले मूळनिवासी अनांगू लोक वर्षानुवर्षं पाटी लावून सांगत होते. १९८५ मध्ये जमीन त्यांच्या नावावर परत केली, तरी चढणं चालूच. शेवटी बंदी आली २६ ऑक्टोबर २०१९ ला. आणि बंदीच्या आधीच्या दिवसांत काय झालं? चढायला रांगा! 'आता पुन्हा मिळणार नाही' म्हणून. पाटी वाचता येत नव्हती असं नाही. म्हणून म्हणतो, विनंतीवर चालत नाही जग. तुमच्या धाग्यावर सगळी सज्जन मंडळी जमलीत. रांगेतले इथे येत नाहीत.

मुक्ता

काका, आज तुम्ही खरंच बरोबर बोललात. (स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.)

साखरझोप

प्राणी आणि अनाथाश्रम राहिले. हत्तीवर बसणं वाईट हे आता बहुतेकांना कळलंय, म्हणून धंदेवाल्यांनी 'हत्तीला अंघोळ घाला' सुरू केलं. दिवसभर वेगवेगळ्या घोळक्यांकडून चार-पाचदा अंघोळ करून घ्यायला तो हत्ती मुकाट उभा राहतो, तो कसा? बसण्यासाठी जसा 'शिकवला' असतो तसाच. ज्या ठिकाणी हत्तीला हातच लावू देत नाहीत, लांबूनच बघायला लावतात, तिथे जा. कंटाळवाणं वाटलं तर वाटू दे.

अनाथाश्रमाचं याहून वाईट. सुट्टीत मुलांना शिकवायला जाणाऱ्या पाहुण्यांचे पैसे येतात म्हटल्यावर आश्रम वाढतात, आणि त्यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील हयात असतात. कंबोडियात हे फार झालं. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. दर पंधरवड्याला नवी ताई येते, लळा लावते आणि जाते. आपल्या मुलांच्या बाबतीत आपण हे चालवून घेऊ का? आपल्या शाळेत कुणी ओळखपाळख नसलेला परदेशी माणूस थेट वर्गात आला तर आपण पोलिसांना बोलावू.

दिशाहीन

हे माहीतच नव्हतं. फोटोचं काय? एखादा सुंदर धबधबा सापडला तर ठिकाण सांगायचं की नाही? न सांगितलं तर लोक म्हणतात शिष्ट आहे.

अनवट

माझं मत: जिथे वाट, शौचालय, कचऱ्याची सोय आणि कुणीतरी बघणारं आहे, तिथलं ठिकाण खुशाल सांग. जिथे यातलं काहीच नाही तिथे तालुक्यापर्यंत सांगून थांब. शिष्ट म्हणाले तर म्हणू देत. आइसलँडमधली फ्याद्रार्ग्ल्युफुर ही घळ (नाव एकदा म्हणून बघा) एका पॉप गायकाच्या व्हिडिओत दिसली आणि इतके लोक आले की २०१९ मध्ये ती बंद करावी लागली. तिथे कुणी मुद्दाम काही तोडलं नव्हतं. वाट ओली म्हणून लोक कडेच्या शेवाळावरून चालले, बास. त्या थंडीत तुडवलेलं शेवाळ भरून यायला दशकं लागतात.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांनी यावर मजेशीर तोडगा काढलाय. २०१९ पासून ते काही मोजक्या जागा थोडे दिवस पर्यटकांसाठी 'डागडुजीसाठी बंद' ठेवतात आणि बाहेरचे स्वयंसेवक बोलावतात. वाटा दुरुस्त करायच्या, पायऱ्या बसवायच्या, पाट्या लावायच्या, स्थानिकांच्या हाताखाली. पहिल्या वर्षी शंभर जण घेतले होते. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आपलं.

दिशाहीन

हे भारी आहे! अर्ज कुठे करायचा?

अनवट

त्यांच्या पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर. अर्ज फार येतात, त्यामुळे सोडत निघते. काकांच्या आवडीची.

खडूस काका

सोडत ठीक. पण फेरो बेटांवर जायचं कसं? विमानानेच ना?

साखरझोप

मी मघापासून काय सांगतेय!! डेन्मार्कहून बोट आहे, दीड दिवस लागतो.

कुंपणावरचा

आणि डेन्मार्कपर्यंत?

साखरझोप

वेगळा धागा काढा.